उरेकीला, सावकाश

आमच्या भाषेत बापाला मामा म्हणतात.
हसू नका.
मामानं दुपारी चारलाच गाडी काढली,
झिगुली, रंग एकेकाळी पिस्त्याचा.
मागच्या सीटवर मी, मांडीवर कलिंगड.
पुढं देदा, म्हणजे आई,
अकरा वर्षांनी आलेली, तीन आठवड्यांसाठी,
गॉगल डोक्यावर, हातात इटलीचा घडीचा पंखा.

ओझुर्गेतीहून उरेकी, अर्ध्या तासाची वाट.
मामानं तिचे तीन तास केले.

आम्ही गुरियाचे लोक बोलतो भरभर,
एका श्वासात भांडण, समेट आणि पुन्हा भांडण.
तोंडातला तो वेग मामाच्या पायात उतरत नाही.
ॲक्सिलरेटरवर तो पाऊल ठेवतो
तिथं जणू मांजर झोपलंय.

आधी चहाचे मळे. म्हणजे, होते.
आता कमरेएवढं नेचं माजलंय
आणि फॅक्टरीच्या छपरातून अंजिराचं झाड डोकावतं.
"इथं तू दिवसाला साठ किलो पानं खुडायचीस."
"चाळीस," देदा म्हणाली. "साठ ती ल्युबा लिहायची, वहीत."
दोघं ल्युबावर पोटभर हसले.
ल्युबा वारली त्याला सहा वर्षं झाली,
हे देदाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुढं पूल, पुलावर गाई.
इकडं गाईंना पूल आवडतात,
वारा लागतो, माश्या बसत नाहीत.
मामानं हॉर्न दिला नाही, इंजिनच बंद केलं.
एक गाय खिडकीतून तोंड घालून
देदाच्या पंख्याचा वास घेऊन गेली.

"बारीत," देदा म्हणाली,
"म्हातारी रोज पहाटे विचारायची, धार काढलीस का?
चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
मी म्हणायचे, काढली, सिन्योरा, दोन बादल्या.
मग झोपायची."
मामा स्टेअरिंगवरची धूळ पुसत राहिला,
धूळ नव्हती तिथलीसुद्धा.

नातानेबीत कणसं घेतली,
मग अक्रोडाच्या माळा, मग एका घरी उगाच पाणी मागितलं.
मी म्हणालो, सूर्य जाईल अशानं.
मामा म्हणाला, "जाऊ दे पुढं. जागा धरून ठेवील."

उरेकीची वाळू काळी, लोखंडाची.
गुडघेदुखीच्या बायका तिच्यात स्वतःला पुरून घेतात,
वर नुसती डोकी, डोक्यांवर वर्तमानपत्राच्या टोप्या,
टोप्यांखाली सुनांची निंदा.
त्यांच्यामधून वाट काढत आम्ही पाण्याशी गेलो.
सूर्य अजून दोन बोटं वर होता.

मामानं खिशातून लोहचुंबक काढलं,
जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं,
आणि वाळूवरून फिरवलं. त्याला काटे फुटले,
साळिंदराचं पिल्लू जणू.
"हेच," देदा मला म्हणाली, "हेच दाखवून
ह्यानं फसवलं होतं मला."
तिनं ते घेतलं, पुसायला लागली.
वाळू निघेना. इकडून ओढली की तिकडं जाऊन चिकटायची.
आम्ही दोघंही पुसायला बसलो,
नखांनी, रुमालानं, शेवटी थुंकी लावून.
मान वर केली तेव्हा
समुद्र नुसता तांबडा होता.
आम्ही तिघांनीही पाहिला नाही, कधी बुडाला ते.

कलिंगडाला सुरी नव्हती. जॅकच्या दांड्यानं फोडलं.

मग उठायची वेळ झाली आणि मामाचे गुडघे अडले.
मी हात पुढं करणार, तोच
देदानं त्याच्या काखेत हात घातला,
दुसरा हात पाठीवर, आपला पाय त्याच्या पायाशी टेकवून,
हळूच म्हणाली: उनो, दुए, त्रे.
मामा पिसासारखा उठला.
आणि मग, गुरियाचा माणूस असून,
गाडीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

परतीला एकच दिवा लागत होता, उजवा.
कुताइसीहून विमान परवा पहाटेचं.
चुंबक डॅशबोर्डवर, अजून केसाळ.
पुलावर गाई होत्या तशाच.
त्यांच्यामधून जायला पुरेशी वाट होती.
मामानं इंजिन बंद केलं.